ओल्या वाळूपर्यंत

ताक्को वानने लातीर फायला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गल्ली झाडत होता.

ती नुकतीच लग्न होऊन नदीकाठच्या फुता प्रांतातून येंबल शहरात आली होती. शेजारच्या घरी मैला उपसायला माणूस येणार आहे, असं हमादीने, तिच्या नवऱ्याने, सकाळीच सांगितलं होतं. म्हणून डोक्याच्या रुमालाचं टोक नाकाशी धरूनच ती दारात आली. वास काही आला नाही. एक उंच, हाडकुळा माणूस, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, फावडं भिंतीला टेकवून खराट्याने वाळू सारखी करत होता. घाईने नव्हे, तर नमाजाची चटई झाडावी तशी. खराट्याच्या रेघा एका दिशेने गेल्या होत्या, आणि खड्डा नेमका कुठे खणला, कुठे बुजवला, हे सांगूनही कळलं नसतं.

"आडनाव काय रे तुझं?" तिने विचारलं.

"फाय."

"अगं बाई! म्हणजे सेरेर!" तिने नाकावरचा रुमाल काढला. "माझा गुलाम, आणि मला न विचारता दुसऱ्याच्या दारात राबतोयस?"

त्याने खराटा थांबवला. "आणि तुझं?"

"वान. फुताची."

"तरीच!" तो म्हणाला. "माझ्या आजोबांनी टोपलीभर बाजरी देऊन एक बाई घेतली होती. ती फार खाते म्हणून परत पाठवली. तू तिचीच नात ना? तोंड तसंच आहे."

सेरेर जमात आणि फुताची माणसं यांचं थट्टेतल्या भावंडांचं हे नातं कोणी जोडलं, ते कोणालाच माहीत नाही. भेटलं की एकमेकांना गुलाम म्हणायचं, खादाड म्हणायचं, आणि रागवायचं मात्र नाही. रागावला तो हरला. त्या नात्याला दोनच बंधनं आहेत. थट्टेतल्या भावंडाने मागितलेली गोष्ट नाकारायची नाही आणि त्याला इजा करायची नाही. बाकी तोंडाला लगाम नाही. परक्या शहरात आलेल्या त्या नव्या नवरीला त्या दिवशी पहिल्यांदा माहेरच्यासारखं वाटलं.

लोक लातीरला बाय पेल म्हणत, म्हणजे फावडेबाबा. हा धंदा करणारे येंबलमध्ये आणखीही होते, त्या सगळ्यांनाच तसं म्हणत. पण ताक्कोच्या गल्लीचा बाय पेल कोण, तर लातीर. गल्ल्या अरुंद आणि वाळूच्या, मैला ओढून नेणारी गाडी आत शिरता शिरता रुतायची. पावसाळ्यात जमिनीखालचं पाणी वर यायचं आणि संडासाचे खड्डे तुडुंब व्हायचे. मग लातीरला बोलावणं. तो घरालगत गल्लीत दुसरा खड्डा खणायचा, भरलेल्या खड्ड्यातला मैला बादलीने त्यात उतरवायचा, वर वाळू ओढायचा आणि झाडून टाकायचा.

इतर लोक कमरेइतकं खणून मोकळे होत. मग दोन दिवसांत उन्हाने वाळू फुगायची, माशा घोंघावायच्या, शेजारीपाजारी भांडायचे. लातीरचं काम तसं नव्हतं. तो सावकाश खाली जायचा, डोकं दिसेनासं होईपर्यंत. हाताला ओली वाळू लागली की थांबायचा.

"कोरडी वाळू चहाडखोर," तो सांगायचा. "पोटात काही ठेवत नाही. ओली वाळू शहाणी. गिळते आणि गप्प बसते."

गल्लीत त्याचं हे वाक्य म्हणीसारखं झालं होतं. पोटात गोष्ट न ठेवणाऱ्या बाईला बायका कोरडी वाळू म्हणत.

त्याचं घर दूर सिनकडच्या, सेरेर मुलखातल्या गावात. बायको लवकर वारली, मुली लग्न करून गेल्या. गल्लीच्या टोकाला एका खोलीत तो भाड्याने राहायचा. कामावरून आला की साबणाने अंग चोळचोळून धुवायचा, पांढरा अंगरखा घालायचा आणि दुपारच्या जेवणाला ताक्कोच्या परातीशी येऊन बसायचा. ही सवय कशी पडली, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. बाय पेलबरोबर एका परातीत हात घालायला गल्लीतली काही माणसं कचरत. ताक्को मासळीचा जाड तुकडा मोडून मुद्दाम त्याच्या बाजूच्या भातावर सरकवायची.

"खा. गुलाम उपाशी मेला तर मालकिणीचं नाव जातं."

"तुझा स्वयंपाक खाऊन मेला तर जास्त जाईल," तो म्हणायचा, आणि खायचा.

हमादी गेला तेव्हा शोकाच्या घरात सगळे मान खाली घालून बसले असताना लातीर आला आणि दारातूनच ओरडला, "अरे, हमादी मेला म्हणतात! खोटं आहे. माझे पैसे बुडवायला झोपून राहिलाय तो!" मग हमादीसारखा खोकला, हमादीसारखी टोपी मागे सारली आणि हमादीसारखाच चहाला नावं ठेवू लागला. म्हातारे हसले. ताक्कोही हसली, आणि हसता हसताच तिला पहिल्यांदा नीट रडू आलं. हे काम थट्टेतल्या भावंडाचंच असतं, दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही.

हमादीने तिच्यासाठी मागे ठेवलेली मोठी वस्तू म्हणजे अंगणातली विहीर. त्याने स्वतः खणलेली, कडं बांधलेली. घरात नळ होता, पण त्याला पाणी यायचं ते मर्जी असेल तेव्हा, तांबूस आणि औषधाच्या वासाचं. विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ, गार. गल्लीतल्या निम्म्या घरांचे माठ त्या पाण्याने भरत. पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं, मग तोंड उघडायचं, ही रीत; आणि ताक्कोच्या घरचं पाणी पिऊन पाहुणा एकदा तरी "वा" म्हणायचाच. तेवढ्यासाठी ती उभी राहायची.

विहिरीमागे एक पपई होती. ती तर गल्लीचं नवल झाली होती. वाळूच्या जमिनीत इतरांची झाडं पिवळी, रोगट, आणि हिच्या पपईची पानं काळपट हिरवी, छत्रीएवढी. फळं एकमेकांना ढकलत बुंध्याला चिकटलेली. खालचा पुदिना तर कापावा तितका वाढायचा.

"सेरेर माणसाचा हात लागला की दगडालाही फळ धरतं," लातीर म्हणायचा. तिच्या घरचे खड्डे तो त्याच बाजूला घ्यायचा.

"तू नुसता खणतोस. फळ माझ्या सावलीने धरतं," ती म्हणायची.

झाड कशावर पोसलंय हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यात दोघांनाही वावगं काही दिसत नव्हतं. मैल्यावर झाड वाढतं, हे कोणाला नवीन आहे? तो झाडाला पुरून उरतो, तेव्हा जातो कुठे, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नाही.

ताक्कोची धाकटी मुलगी राकी बाळंतपणाला माहेरी आली. नवरा परदेशी बोटीवर. मुलगी झाली. आठव्या दिवशी नाव ठेवायचं, म्हणजे सगळ्या गोतावळ्याचं जेवण, आणि संडासाचा खड्डा आधीच काठोकाठ. ताक्कोने लातीरला हाक मारली.

"गुलामा, उद्या-परवा घर माणसांनी भरेल. माझी अब्रू तुझ्या हातात आहे."

"फुताच्या लोकांची अब्रू खड्ड्यातच असते, मला ठाऊक आहे," म्हणत तो फावडं घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. थट्टेतल्या भावंडाकडून अशा दिवशी पैसे घेत नाहीत. जागा त्याने पपईच्या मागची निवडली, म्हणजे पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत नको. तो इतकं खोल खणत गेला की ताक्कोने वरून विचारलं, "विहीर खणतोयस का रे?"

"तुझ्या नातीसाठी खणतोय. वरवरचं काम मी परक्यांसाठी ठेवतो," खालून आवाज आला.

नाव ठेवलं सिरा. लातीर कमरेला दोर बांधून, खांद्यावर काठी टाकून आला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहिला. "माझ्या घरी एक गुलाम जन्मल्याचं कळलं. न्यायला आलोय. आणि बोकडाचं डोकं माझं."

"डोकं घे," ताक्को म्हणाली. "देवाने तुला द्यायचं राहिलंच आहे."

सगळं अंगण हसलं. राकीने बाळ त्याच्या हातात दिलं. त्याने साबणाने धुऊन धुऊन भेगाळलेल्या हातांनी ते धरलं आणि हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं, त्याच्या कानाशी काही पुटपुटलं. ताक्कोने ते पाहिलं, पण चिडवलं नाही.

दोन महिन्यांनी राकी मासे साफ करायच्या कारखान्यात पुन्हा कामाला जाऊ लागली. सिरा दिवसभर आजीपाशी, डब्याच्या दुधावर. लसीला नेलं तेव्हा नर्सने बजावलं होतं, पाणी उकळूनच द्या. ताक्को कोणतंही काम अर्धं करणारी नव्हती. नर्सने उकळा म्हटलं, तर ती पातेलं अर्धं होईपर्यंत उकळायची. वर झाकण ठेवायची नाही, वाफेबरोबर सगळी घाण जाऊ दे म्हणून. मग ते गार करून त्यात दुधाची पूड.

बाळ आधी गोंडस होतं. मग कधीतरी त्याचे ओठ पाटीच्या रंगाचे दिसू लागले. नखंही. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं उजेडाचा दोष. मग म्हणाले, बापावर चाललीय. लातीरने बोटाने तिची हनुवटी वर केली आणि म्हणाला, "ही फुताची पोरं कामाचं नाव काढलं की निळी पडतात. आत्तापासूनच सोंग!"

ताक्को हसली होती. पुढे कित्येक दिवस ते वाक्य लातीरला जेवताना आठवायचं.

बाळ दूध टाकू लागलं, रडणं बारीक झालं. कोणाची तरी दृष्ट लागली असणार, इतकं कौतुक झालं होतं तिचं. ताक्को मशिदीजवळच्या वृद्ध धर्मगुरूंकडे, सेरिन्यांकडे गेली. सेरिन्ये सज्जन माणूस. त्यांनी कुराणातल्या आयती लिहिल्या, शाई पाण्यात उतरवली आणि ते पाणी चमच्याने द्यायला सांगितलं. पाणी घरातलं सर्वांत स्वच्छ आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. ताक्कोने विहिरीचं नेलं, तासभर उकळून.

तिसऱ्या दिवशी दुपारी परातीशी सगळे बसलेले असताना सिराची मान आजीच्या हातावर सैल पडली. तोंड राखेसारखं. लातीरने भाताचा हात तसाच अंगरख्याला पुसला, बाळ उचललं आणि हमरस्त्याकडे धावत सुटला. वाळूत ताक्कोची एक चप्पल राहिली, मग दुसरी. त्याने एका टॅक्सीपुढे आडवं उभं राहून ती थांबवली.

आरोग्यकेंद्रात डॉक्टर तुरे नावाची तरुण बाई होती. तिने बाळाच्या पायाला सुई टोचली आणि नळीत रक्त घेतलं. ते लाल नव्हतं. चिंचेच्या कोळासारखं तपकिरी होतं. डॉक्टरने नळी हलवली, उजेडाकडे धरली, तरी ते लाल होईना. मग ती एकदम घाईला लागली. मोठ्या इस्पितळात फोन, गाडी, नाकाला नळी. तिथे बाळाला शिरेतून एक औषध दिलं, तेही शाईसारखं निळं. ताक्को म्हणाली, "आधीच निळी आहे, आणखी निळं घालता?" पण तास झाला नसेल, ओठ गुलाबी होऊ लागले. बाळाने चांगला मोठा टाहो फोडला. बाहेर बाकावर बसलेल्या लातीरने तो ऐकला आणि भिंतीला डोकं टेकलं.

दोन दिवसांनी डॉक्टर तुरेने ताक्कोला समोर बसवून विचारलं, "दूध कशात कालवता?"

"विहिरीच्या पाण्यात. पण उकळते हं, डॉक्टर. अर्धं होईपर्यंत."

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात बोलली. मैल्यात, शेणात, खतात नत्र असतं. ते जमिनीत मुरलं की त्याचं नायट्रेट होतं आणि पाण्याबरोबर विहिरीत येतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्यांना ते लगेच काही करत नाही. तान्ह्या बाळाचं रक्त मात्र श्वास धरून ठेवायचं विसरतं. "आणि उकळून ते जात नाही, आई. पाणी वाफ होऊन जातं. ते मागेच राहतं. अर्धं पाणी उरलं, म्हणजे ते दुप्पट झालं."

"म्हणजे मी जेवढं जास्त उकळलं..." ताक्को म्हणाली.

डॉक्टरने माणूस पाठवून विहिरीचं पाणी तपासलं. कागदाची पट्टी पाण्यात बुडवून काढली तर ती जांभळी झाली, अगदी दाट.

राकीने आईला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिने पिशवी भरली आणि सिराला घेऊन फुताच्या बसमध्ये बसली, सासूकडे. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, "पाणी बरं झालं की आणीन, आई. त्याआधी नाही."

ताक्कोच्या सगळ्या आयुष्याला आता एकच ध्येय उरलं. पाणी बरं करायचं.

गल्लीची बैठक बसली आणि ताक्कोने डॉक्टरचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. हे नत्र आलं कुठून? एकाने खालच्या खोलगट भागाकडे हात केला. तिथे भाजीवाल्यांचे वाफे होते. कोंबडीखताचे ढीग, युरियाची पोती. डबक्यावर हिरवी साय. सगळ्यांना एकदम उलगडा झाला. बरोबर, तेच! शिवाय भाजीवाले गल्लीतले नव्हते, हेही सोयीचं होतं. ताक्को बायका घेऊन वाफ्यांवर गेली आणि तिने तोंड सोडलं ते दुपार होईपर्यंत आवरलं नाही.

"तुमच्या कोबीसाठी माझी नात निळी पडली! खा तो कोबी, घशात अडकू दे!"

भाजीवाल्यांचा म्हातारा मुकादम म्हणाला, "बाई, आम्हीही इथलंच पाणी पितो. तुमची गल्ली वर, आम्ही खाली. तुमच्याकडचंच पाणी आमच्याकडे वाहत नाही का?" पण त्याचं ऐकायला कोणी थांबलं नाही. मोठ्यांनी मध्यस्थी केली, खताचे ढीग हलवले गेले, काही वाफे मोडले. आता पावसाळा सरला की विहीर उपसायची, आणखी खोल करायची, आणि राकीला निरोप धाडायचा, असं ताक्कोने ठरवलं.

या सगळ्या बैठकांना लातीर हजर होता. मागे भिंतीशी उभा. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि तोही काही बोलला नाही. डॉक्टरने ज्या यादीत खत म्हटलं होतं त्याच यादीत मैलाही म्हटला होता, आणि तोही आधी. ते बाकीच्यांच्या कानांवरून गेलं होतं. त्याच्या नाही गेलं. परातीशी तो येत होता, पण घास मोजून घ्यायला लागला होता.

"गुलामा, आजारी आहेस का? भात उरतोय," ताक्को म्हणायची.

"तुझ्याकडे उरतोय म्हणजे शिजवलाच जास्त. फुताच्या बाईकडून अशी चूक होत नाही," तो म्हणायचा. पण ते शब्द जुन्या सवयीने चालत होते, मागे माणूस नव्हता.

पाऊस थांबला. एका सकाळी तिने त्याला दारातच धरलं. "विहीर खोल करायची आहे. दुसऱ्या कोणाला नाही सांगणार. ओल्या वाळूची नस तुझ्याएवढी कोणाला माहीत आहे? भाजीवाले गप्प झालेत, पाणी आता निवळेल. राकीला मी कळवलंय. पुढच्या महिन्यात सिरा इथे असेल. बघ, आत्ताच बसू लागली म्हणतात."

भावंडाने मागितलेलं नाकारायचं नाही. आणि इजा करायची नाही. लातीरने एकदा पपईकडे पाहिलं.

"उद्या येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा हातात फावडं नव्हतं. खराटा होता. सकाळची कामं चालली होती, बायका विहिरीवर कपडे धुवत होत्या, पुरुष कामाला निघत होते. लातीरने खराटा उलटा धरला आणि त्याच्या दांड्याने गल्लीतल्या वाळूवर एक मोठा गोल काढला.

"हा गासामांच्या घरचा," तो म्हणाला. "त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाच्या वेळचा."

चार पावलं पुढे जाऊन दुसरा गोल. "हा शिंप्याचा. पुराच्या वर्षी. ह्याच्याच शेजारी पुन्हा एकदा, आधीचा मावेना म्हणून." मग भिंतीला धरून तिसरा. "हा मदरशाचा."

लोकांना आधी कळेना. मग कामाला निघालेले थांबले. म्हातारा खाली वाकून वाळूत गोल काढत होता आणि घरांची नावं घेत होता, लग्नं, बारशी, पूर, मयती. सगळ्या गल्लीचा इतिहास त्याला खड्ड्यांनी पाठ होता. स्वतःच इतकं स्वच्छ झाडून लपवलेलं तो एकेक करून उघडं करत होता. गोल गल्लीतून वळत, एकमेकांना चिकटत ताक्कोच्या कुंपणाशी आले, कुंपणाच्या आत आले, आणि विहिरीभोवती त्यांचं कडं झालं. शेवटचा गोल त्याने पपईच्या मागे काढला.

"आणि हा सिराच्या बारशाचा. सगळ्यांत खोल. खाली पाणी पायाला लागलं होतं. मी खूश झालो होतो."

विहिरीच्या कड्यावर ठेवलेल्या बादलीतून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज.

"खोल करू नको, ताक्को," तो म्हणाला. "कितीही खोल गेलीस तरी तिथे मी आधी जाऊन आलोय. पोरीला आणू नको."

मग गल्लीला कंठ फुटला. शिंपी पुढे आला. "आम्ही तुला उपसायला सांगितलं होतं. आमच्या पाण्यात पुरायला नव्हतं सांगितलं!"

"मग कुठे नेऊ?" लातीरने विचारलं. "डोक्यावर घेऊन समुद्रावर? इतकी वर्षं वास आला नाही, तेव्हा कधी विचारलंस का, गेलं कुठे म्हणून?"

"तोंड वर करून बोलतोय!" कोणीतरी ओरडलं. गासामांच्या बाईने आपला भरलेला माठ तिथेच वाळूवर पालथा केला, त्याच्या पायांजवळ. प्रत्येकाने त्याला बोलावलं होतं, चहा पाजला होता, काम बघून शाबासकी दिली होती. आता प्रत्येकाला दोषी मिळाला होता, आणि तो भाजीवाल्यांपेक्षा जवळ होता.

लातीर त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो ताक्कोकडे बघत होता. विहिरीच्या कड्यावर हात ठेवून ती उभी होती. इतक्या वर्षांत असा प्रसंग आला नव्हता की त्याने काही बोलावं आणि तिच्याकडून उलट फटका येऊ नये. तो वाट बघत राहिला. शेवटी त्यानेच सुरुवात केली.

"बोल ना. सेरेरच्या हाती काम दिलं की असंच होतं, म्हण. गुलाम म्हण."

ताक्कोने रुमाल नीट केला. "मस्यू फाय," ती परक्या साहेबाला म्हणावं तसं म्हणाली, "सकाळपासून उभे आहात. बसा. घरी सगळे शांततेत आहेत ना? सिनकडे मुली बऱ्या आहेत? बसा, मी पाणी..."

पाणी म्हणून ती थांबली. हात बादलीकडे गेला होता तो तिने मागे घेतला, आणि आत निघून गेली.

लातीरने खराटा सरळ केला आणि वाळूवरचे गोल झाडायला लागला. शिंप्याने त्याच्या हातातून खराटा हिसकावून घेतला. ते गोल पुढे वारा येईपर्यंत तसेच राहिले.

त्यानंतर काय बदललं, असं कोणी विचारलं तर सांगायला फारसं नाही. डॉक्टर तुरे दोनदा गल्लीत आली आणि बोलून गेली, की दोष वाफ्यांचाही आहे आणि खड्ड्यांचाही, एका माणसाचा नाही, अख्ख्या येंबलखाली हेच आहे. लोकांनी मान डोलावली. भाजीवाल्यांकडे क्षमा मागायला मात्र कोणी गेलं नाही. विहिरीवर लाकडी फळी टाकून वर दगड ठेवला. कपड्यांसाठी तो अजून रोज सरकवला जातो, आणि नळ कोरडा पडला की कपड्यांपुरताच सरकवला जातो असंही नाही. पपईला फळं तशीच धरतात. ताक्को ती काढत नाही. पिकून वाळूवर पडतात आणि फुटतात.

पुढच्या पावसाळ्यात खड्डे भरले. गल्लीने दुसरा बाय पेल बोलावला, हमरस्त्यापलीकडचा. तो कमरेइतकं खणतो आणि झाडत नाही. महिनाभर वास राहिला, माशा झाल्या. दारात बसलेली शिंप्याची बायको नाक मुरडून म्हणाली, "काही म्हणा, लातीरचं काम साफ असायचं."

सिरा फुतात आहे. चालायला लागली, बोलायला लागली. फोनवर राकी तिला म्हणते, आजीला सलाम कर, आणि ती सलाम करते. पण आजी या शब्दावर ती मागे वळून दुसऱ्या कोणाकडे तरी बघते, असं राकीच्याच तोंडून एकदा निघून गेलं. पाणी बरं झालं का, हे राकी आता विचारत नाही.

दुपारच्या परातीशी लातीर पुन्हा आला नाही. कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. गल्लीत समोरासमोर आले की ताक्कोच आधी सलाम करते, त्याची, त्याच्या मुलींची, तब्येतीची नीट विचारपूस करते, एक शब्द वावगा नाही. सुरुवातीला तो दर वेळी काही ना काही टाकून बघायचा. एकदा म्हणाला, "भात कमी खातेस वाटतं, बारीक झालीस, गिऱ्हाईक मिळायचं नाही तुला." तिने उत्तर दिलं, "देवाची कृपा आहे, मस्यू फाय." मग त्यानेही सोडून दिलं.

फावडं त्याने विकलं. आता तो ढकलगाडीवर पिवळे कॅन घालून चौकातल्या सार्वजनिक नळाचं पाणी भरतो आणि गल्लोगल्ली विकतो. शिंपी त्याच्याकडून घेतो, गासामांची बाई घेते. ताक्को तिचं पाणी दुसऱ्याकडून घेते.